कामेकिचीचा खड्डा

माझं काम म्हणजे म्हाताऱ्यांना तरुण म्हणणं. माणसांना नव्हे, व्हिडिओ गेमना. आमची हिबारीया कंपनी एकेकाळी पत्र्याची खेळणी करायची, मग गेम करायला लागली, आणि आता नवं काही सुचत नाही म्हणून तेच जुने गेम नव्या खोक्यात घालून पुन्हा विकते. खोक्याच्या पाठीवर चार ओळींचा मजकूर लागतो. तो मी लिहिते.

या लिखाणाची भाषा वेगळी असते. पडद्यावर झाड आहे की म्हैस हे कळत नसेल, तर ‘कल्पनाशक्तीला भरपूर वाव’ लिहायचं. एकच धून डोकं उठेपर्यंत वाजत असेल तर ‘मनात घर करणारं संगीत’. आणि गेम कुणाच्या बापाला जमत नसेल तर ‘खऱ्या खेळाडूला आव्हान’. शेवटची ओळ कायमची ठरलेली: ‘आजही तितकाच ताजा!’ ती मी इतक्यांदा लिहिली आहे की दुकानात शिळा मासा दिसला तरी माझ्या ओठांवर तीच येते.

मी खेळल्याशिवाय लिहीत नाही, एवढी लाज अजून शिल्लक आहे. आणि खेळल्यावर कळतं ते असं, की जुने गेम जुन्या चपलांसारखे असतात. आठवणीत मऊ असतात, पायात घातल्या की चावतात. पण हे बोलायचं नाही. पन्नाशीची टकलं डोळ्यांत पाणी आणून खोकी विकत घेतात, घरी नेतात आणि काचेच्या कपाटात ठेवून देतात. उघडत कुणीच नाही, म्हणून माझी नोकरी टिकून आहे.

तर यंदा कामेकिचीची चाळिशी होती.

कामेकिची हे एक कासव. डोक्यावर गवताची टोपी आणि अंगात उडी मारायची हौस. गेम सुरू झाला की तो उजवीकडे चालू लागतो. एक बेडूक लागतो, मग खेकडे, आणि मग तो खड्डा. खाली निळं पाणी, आणि पलीकडची कड बघायला डोळे ताणावे लागतात. कामेकिची धावत येतो, उडी मारतो, पलीकडच्या मातीला नाक घासतो आणि खाली जातो. खेळ खलास. पहिल्याच टप्प्यात.

मग लोक पुढे जायचे कसे? तर चोरवाटेने. त्या वेळच्या एका मासिकात छापून आलं होतं, की सुरुवातीलाच बटणं अमुक क्रमाने दाबली तर कासव थेट तिसऱ्या टप्प्यात निघतं. अख्खा देश त्या वाटेने तिसऱ्या टप्प्यात गेला. खड्ड्यापलीकडचा दुसरा टप्पा सगळ्यांनी ‘नंतर बघू’ म्हणून ठेवला.

आम्ही भावंडं तेव्हा निइगाताला राहायचो. बाहेर छपरापर्यंत बर्फ, आत खाली शेगडी असलेल्या टेबलाच्या पांघरुणात पाय, आणि समोर गेमचं ते लाल-पांढरं यंत्र. यंत्राला दोन रिमोट होते. कामेकिची हा एकट्याचा खेळ, त्यामुळे दोन नंबरच्या रिमोटची बटणं मेलेली. त्याच्यावर एक इवलासा माइक मात्र होता. माझा थोरला भाऊ शिंगो याने तो रिमोट माझ्या हातात दिला आणि म्हणाला, “चिझुरु, चालवायचं काम माझं. उडी तुझ्याकडे. खड्डा आला की माइकमध्ये ‘उडी!’ म्हणून ओरडायचं. पण नेमकं हं.”

मी नेमकं ओरडायचे. शेजारच्या काकू भिंतीवर थापा मारायच्या इतकं ओरडायचे. कामेकिची पडायचा.

“तू उशिरा ओरडलीस,” दादा म्हणायचा.

अख्खा हिवाळा मी उशिरा ओरडत होते. मग एका सकाळी दादाने सांगितलं, “काल तू झोपलीस ना, तेव्हा मी ओलांडला. एका झटक्यात.”

“पलीकडे काय होतं?”

“ढग. मोठाले गुलाबी ढग.”

दोन नंबरचा रिमोट मुळातच मेलेला असतो हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. कळून उपयोग काय? कळणं डोक्यात राहतं आणि उशीर पोटात राहतो. आजही आगगाडी चुकली, दूध उतू गेलं, मीटिंगमध्ये बोलायचं राहून गेलं, की मला आतून दादाचाच आवाज येतो.

दादा आता ओमियाला शिकवणीचे वर्ग चालवतो, आणि ‘कामेकिची जतन मंडळा’चा अध्यक्ष आहे. मंडळाचं म्हणणं, खड्डा हाच कामेकिचीचा आत्मा; त्याला केसभर हात लावाल तर याद राखा. दादा वर्गातल्या पोरांनाही तेच सुनावतो. “तुम्हाला सगळं आयतं पाहिजे. मी तिसरीत असताना तो खड्डा ओलांडला होता!” मंडळात कुणी कुणाला ‘तुम्ही ओलांडलाय का हो?’ असं विचारत नाही. ते फार असभ्य समजतात. म्हणजे समोरच्याला पगार विचारण्याइतकं. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि मंडळात तर सगळ्याच मुठी झाकलेल्या.

कामेकिची ज्यांनी बनवला ते कुरोगी हिसाशी आता पंचाहत्तरीला टेकलेत. कंपनीत सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. एखाद्याचं ऐकायचं नसलं की आम्ही त्याला गुरुजी म्हणायला लागतो. दर नव्या खोक्यावर ‘गुरुजींच्या देखरेखीखाली’ असं छापतात, आणि खोकं त्यांना पहिल्यांदा दिसतं ते दुकानात. दर वेळी गुरुजी एकच मागणी करतात: खड्डा थोडा अरुंद करा. आणि दर वेळी कंपनी कळवते, “सकारात्मक दृष्टीने विचार करू.” आमच्याकडे याचा अर्थ ‘नाही’ असाच होतो, आणि तोंडावर ‘नाही’ म्हणण्यापेक्षा हे जास्त पक्कं असतं.

या वेळी चाळिशीच्या सोहळ्याचं आमंत्रण घेऊन मला त्यांच्याकडे पाठवलं. चिबातल्या एका जुन्या सोसायटीत, लिफ्ट नसलेल्या इमारतीत वरच्या मजल्यावर ते एकटे राहतात. त्यांनी चहा दिला आणि मुळ्याचं लोणचं पुढे केलं. हात थरथरत होते, पण जीभ खणखणीत होती.

“‘आजही तितकाच ताजा’ हे तुम्हीच लिहिता का, मुरोगाबाई?”

“हो.”

“खेळून?”

“खेळून.”

“जिभेला हाड नसतं म्हणतात ते काही खोटं नाही,” ते म्हणाले आणि स्वतःच खुदकन हसले. “रागावू नका. मला आजवर कुणी खरं सांगितलेलं नाही. सगळे म्हणतात, तो खड्डा म्हणजे जीवनाचं प्रतीक आहे. एका प्राध्यापकाने तर त्याच्यावर व्याख्यान दिलं. अहो, कसलं प्रतीक? चूक आहे ती! रोज खेळून खेळून मला उडी इतकी जमायला लागली, की खड्डा लहान वाटायला लागला. म्हणून शेवटच्या आठवड्यात मी तो वाढवला. खेळून बघायला दुसरं कुणी नव्हतंच. बाकीचे सगळे थकून ऑफिसातच टेबलाखाली झोपलेले. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथे अंगण खरंच वाकडं आहे, आणि देशभरची पोरं स्वतःच्या पायांना दोष देत बसली.”

मी लोणच्याचा आणखी एक तुकडा उचलला.

“माझ्या आईलाही यंत्र पाठवलं होतं, मियाझाकीला, गावी,” गुरुजी पुढे म्हणाले. “शेतात राबून दमलेली बाई. तिने बिचारीने रोज खेळून पाहिला. फोनवर म्हणाली, ‘छान केलंयस रे. कासव शेवटी पाण्यात आपल्या घरी जातं, ते फार आवडलं.’ तिला वाटलं, पडणं हाच शेवट. आता तिला काय सांगणार? गेली ती, खड्ड्याच्या अलीकडेच राहून. आणि मी पलीकडे जे ठेवलं होतं ते तिच्यासाठीच होतं.”

“मला माहीत आहे पलीकडे काय आहे,” मी त्यांना बरं वाटावं म्हणून म्हटलं. “माझ्या भावाने ओलांडला होता. गुलाबी ढग आहेत ना?”

गुरुजींनी पेला खाली ठेवला.

“ढग खोक्यावर आहेत. खोक्यावरचं चित्र दुसऱ्याने काढलंय. खेळात मी एकही ढग काढलेला नाही. कॅसेटमध्ये तेवढी जागाच नव्हती.”

खिडकीत वाळत घातलेले मोजे हलत होते. मला संताप आला, आणि तो नेमका कुणाचा ते ठरवता येईना.

“मग पलीकडे आहे तरी काय?”

“सांगितलं तर तुम्ही चार ओळींत लिहून मोकळ्या व्हाल. जाऊन बघा. एकाने तरी तिथे जाऊन बघावं, एवढंच माझं म्हणणं आहे. खड्डा बुजवा म्हणत नाही मी. थोडा अरुंद करा. केलात तर येतो सोहळ्याला.”

आमचे विभागप्रमुख इसोगाई यांनी हे ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, “सकारात्मक दृष्टीने विचार करू, असं कळवा.”

मी कळवलं. गुरुजींचं उत्तर आलं, “मग मीही यायचा सकारात्मक विचार करतो.”

त्यांच्याच भाषेत नकार मिळाल्यावर इसोगाईसाहेबांचा चेहरा पडला. तिकिटं विकली गेली होती. शेवटी त्यांनी तोड काढली: सोहळ्यातच चाहत्यांना विचारायचं. चाहते हो म्हणाले तर खड्डा अरुंद. चाहते कधीच हो म्हणणार नाहीत याची त्यांना खात्री होती, कारण दादाच्या मंडळाने निषेधाचं पत्रक आधीच काढलं होतं. गुरुजींनी मात्र तेवढ्यावर होकार दिला. “लोकांना विचारणार ना? येतो मग.”

आता दुसरी अडचण. सोहळ्यात गुरुजी स्वतः कामेकिची खेळणार, असं जाहिरातीत छापून गेलं होतं.

“गुरुजींचे हात थरथरतात,” इसोगाईसाहेब मीटिंगमध्ये म्हणाले. “भर सभेत पहिल्या बेडकापाशीच मेले तर? त्यांची काय शोभा राहील? त्यापेक्षा पडद्यामागून दुसरं कुणीतरी खेळेल. गुरुजींच्या हातात नुसता रिमोट द्यायचा. त्यांना कळायचंही नाही.”

“म्हणजे दोन नंबरचा,” मी म्हटलं.

“काय?”

“काही नाही.”

“पण खेळणार कोण? खड्डा ओलांडणारा पाहिजे.”

या वेळी मी उशीर केला नाही. “जतन मंडळाचे अध्यक्ष,” मी लगेच म्हटलं. “माझे बंधूच आहेत.”

“वा! अध्यक्षच म्हटल्यावर विचारायलाच नको.”

आणि खरोखरच कुणी विचारलं नाही. पंधरा माणसांच्या त्या खोलीत ‘त्यांना जमतं का?’ एवढं म्हणायचं कुणाच्या मनात आलं असेल तर ते मनातच राहिलं. अध्यक्षांना असं विचारणं म्हणजे त्यांचा अपमान, आणि अध्यक्षांचा अपमान म्हणजे मंडळाचा. मी खरं काय ते सांगू शकले असते. सांगितलं नाही, आणि त्याचा मला आजही पस्तावा नाही.

तरी रक्ताचं नातं. दादाला निसटायला मी एक वाट ठेवली. ऑफिसजवळच्या करी-भाताच्या टपरीवर त्याला बोलावलं आणि सगळं सांगितलं. त्याचे कान लाल झाले. लहानपणापासून त्याचे कानच आधी बोलतात.

“दादा, जमेल ना?”

“तू मला विचारतेस? मला?”

“तसं नाही. हात दुखतोय म्हणालास तरी चालेल. ते दुसरं कुणी बघतील.”

त्याने भातावरचं लाल लोणचं चमच्याने इकडून तिकडे केलं. तेवढ्यात टपरीवाला गल्ल्यावरून म्हणाला, “तुम्ही कामेकिचीचे अध्यक्ष ना? टीव्हीवर पाहिलं होतं. एक सही द्याल?” दादाने सही दिली. सही देऊन झाल्यावर माघार घेता येत नाही.

“जमेल,” तो म्हणाला. “तू फक्त मध्ये ओरडू नकोस.”

रंगीत तालीम झाली. गुरुजींनी कुठून यायचं, किती वाकायचं, फुलं कोणत्या हातात घ्यायची, निवेदिकेने कुठे डोळे पुसायचे, सगळ्याची झाली. खेळाची तेवढी झाली नाही. अध्यक्षांना ‘जरा करून दाखवा’ म्हणायचं तरी कुणी?

सोहळा उएनोजवळच्या सभागृहात, रविवारी दुपारी. खचाखच गर्दी, सगळ्यांच्या डोक्यावर कंपनीने विकलेल्या गवताच्या टोप्या. गुरुजी मंचावर आले तेव्हा टाळ्या थांबेनात. त्यांना खुर्चीवर बसवलं, हातात रिमोट दिला, आणि मागच्या भल्यामोठ्या पडद्यावर कामेकिची उजळला. मी मंचाच्या कडेला उभी होते. काळ्या पडद्याआड दादा मांडी घालून बसला होता, आणि इथूनही त्याचे कान दिसत होते.

गुरुजींनी अजून बटण दाबलंही नव्हतं आणि कामेकिची चालायला लागला.

त्यांनी रिमोटकडे पाहिलं. मग कामेकिचीकडे पाहिलं. मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. त्यांनी रिमोट हळूच टेबलावर ठेवला आणि हात मांडीवर घेतले. कामेकिचीने बेडूक ओलांडला.

“हात न लावता!” पुढच्या रांगेतला एकजण पुटपुटला. “गुरुजी नुसत्या मनाने खेळतायत!” टाळ्यांचा कडकडाट झाला. भक्ताला काय, दगडाचाही देव चालतो.

मग खड्डा आला. कामेकिची धावला, उडाला, पलीकडच्या मातीला नाक घासून पाण्यात गेला.

सभागृह हळहळलं. कामेकिची पुन्हा निघाला, पुन्हा पडला. निवेदिका घाईघाईने म्हणाली, “गुरुजी आज आपल्याला जुन्या पद्धतीचं पडणं दाखवतायत!” कामेकिची तिसऱ्यांदा पडला. पडद्याआड बटणं अशी खडखडत होती की वाटावं, दादा कांदे चिरतोय. इसोगाईसाहेब भिंतीला धरून उभे होते.

आणि खरं सांगते, माझ्या घशात तो शब्द आला होता. उडी! ओठ मिटून धरले तेव्हा कुठे आत राहिला.

गुरुजी उठले. निवेदिकेच्या हातातून त्यांनी माइक घेतला.

“हे कासव मी चालवत नाहीये,” ते म्हणाले. “कोण चालवतंय मला ठाऊक नाही. त्याला दोष देऊ नका. खड्डा मी खणलाय. तो चुकला. चाळीस वर्षं तुम्हाला सगळ्यांना फार त्रास झाला. मी माफी मागतो.”

ते कमरेतून वाकले आणि वाकूनच राहिले. तालमीत इतकं ठरलं नव्हतं. मग सरळ झाले आणि त्यांनी ते विचारलं, जे आमच्याकडे कुणी कुणाला विचारत नाही.

“हा खड्डा तुमच्यापैकी कुणी ओलांडलाय? हात वर करा.”

एकही हात वर झाला नाही. टोप्या इकडे तिकडे वळल्या. प्रत्येकजण शेजाऱ्याच्या हाताकडे बघत होता, आणि शेजारी स्वतःच्या बुटांकडे. चाळीस वर्षं ज्याला त्याला वाटत होतं की आपण तेवढे कच्चे.

तेवढ्यात काळा पडदा हलला आणि दादा बाहेर आला. पायाला मुंग्या आल्या होत्या, लंगडतच मंचाच्या मधोमध येऊन उभा राहिला.

“मी मंडळाचा अध्यक्ष,” तो म्हणाला. “आत्ता मीच खेळत होतो. मीही नाही ओलांडलेला. कधीच नाही.” मग तो माझ्याकडे वळला आणि वाकला. माझा भाऊ माझ्यासमोर जन्मात पहिल्यांदा वाकला. “चिझुरु, तू उशिरा ओरडत नव्हतीस.”

लोकांना त्यातलं काही कळलं नाही, पण त्यांनी टाळ्या वाजवल्या. मला रडू आलं. निवेदिकेने डोळे पुसायची जागा पुढे होती, ती मी आधीच वापरली.

“मग थोडा अरुंद करू या का?” गुरुजींनी विचारलं. सगळे हात वर गेले. एका म्हाताऱ्याने तर दोन्ही हात वर केले. इसोगाईसाहेबांनी इकडे तिकडे पाहिलं आणि आपलाही केला.

दुसऱ्याच दिवशी कंपनीने जाहीर केलं, की हा क्षण आम्ही पहिल्यापासून असाच योजला होता. ‘अरुंद खड्डा आवृत्ती’ काढायचं ठरलं. तिच्याबरोबरच ‘मूळ खड्डा आवृत्ती’ही, ती थोडी महाग. मंडळाच्या सभासदांनी दोन्हींची आगाऊ नोंदणी केली आणि काचेच्या कपाटात शेजारी शेजारी जागा करून ठेवली. खोक्याच्या पाठीवर पुन्हा चार ओळी हव्या होत्या.

म्हणून मी आणि दादा गुरुजींकडे गेलो. त्यांचं जुनं यंत्र टीव्हीला जोडलेलंच होतं. दादाने अरुंद खड्ड्याच्या नमुना कॅसेटमध्ये उगाचच फुंकर मारली. मी आधी एक नंबरचा रिमोट उचलला.

“आज मी चालवणार.”

“चालव की,” दादा म्हणाला.

मी बेडकापाशी मेले. पुन्हा बेडकापाशीच मेले. मग खेकड्यापाशी. गुरुजी चहा ओतता ओतता म्हणाले, “बेडकात काही चूक नाही हं. तो बरोबर आहे.” दादा भिंतीकडे बघून गालातल्या गालात हसत होता. शेवटी मी रिमोट त्याच्या मांडीवर टाकला आणि मुकाट्याने दोन नंबरचा घेतला. काहींच्या नशिबी दोन नंबरच.

दादा निघाला. बेडूक गेला, खेकडे गेले, खड्डा आला. कामेकिची धावला, उडाला आणि पलीकडे उतरला. इतका साधा उतरला की आम्हाला क्षणभर कळलंच नाही.

दुसरा टप्पा सुरू झाला. आकाश रिकामं होतं. जमिनीवर तपकिरी उभ्या रेघा, आणि त्यांना लटकलेले पांढरे ठिपके.

“हे काय? कंगवा आहे का?” दादाने विचारलं.

पण मी मियाझाकीचे फोटो पाहिले होते. हिवाळ्यात तिकडे बांबूचे उंच मांडव घालतात आणि त्यांच्यावर मुळे वाळत टाकतात. मांडवाखाली चार ठिपक्यांची एक आकृती पाठमोरी वाकत होती आणि उभी राहत होती.

“आई,” गुरुजी म्हणाले. “शाळेतून आलो की ती तिथे असायची.”

दादाने कामेकिचीला तिच्या मागे नेऊन उभं केलं. ती वाकत राहिली, उठत राहिली, तिने काही आमच्याकडे पाहिलं नाही. दादाने सगळी बटणं दाबून बघितली.

“त्याने नाही होत,” गुरुजी म्हणाले. “दोन नंबरचा रिमोट कुणाकडे आहे?”

“माझ्याकडे,” मी म्हटलं. “पण तो मेलेला असतो.”

“बटणं मेलेली असतात. माइक नाही. त्या वेळी मी घरोघरी बघायचो, एक मूल खेळायचं आणि दुसरं नुसता रिमोट धरून बसायचं. म्हटलं, त्यालाही एक काम असू दे. घाई नाही. हाक मारा तिला.”

मी रिमोट तोंडाजवळ नेला. काय म्हणायचं ते विचारावं लागलं नाही.

“आई!”

त्या बाईने काम थांबवलं आणि ती वळली. चेहऱ्याच्या जागी एकच ठिपका होता. वळून ती आमच्याकडे बघत उभी राहिली, आणि पहिल्यापासून वाजत असलेली ती रटाळ धून थांबली. दादाने रिमोट खाली ठेवला. गुरुजी टीव्हीकडे बघतच नव्हते. ते आमच्या तोंडांकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी मी मजकूर लिहिला. ‘चित्र नीट ओळखू येत नाही. संगीत रटाळ आहे. बेडूक अवघड आहे. खड्ड्यापलीकडे थांबा आणि दोन नंबरच्या रिमोटवरून हाक मारा.’ इसोगाईसाहेबांनी तो वाचला, चष्मा पुसला, सगळा खोडला आणि वर लिहिलं, ‘आजही तितकाच ताजा!’

एरवी मी मनातल्या मनात त्यांना शिव्या घातल्या असत्या. या वेळी ओळ तशीच जाऊ दिली. हाक मारायची ओळ मात्र खाली पुन्हा लिहिली, आणि ती खोडायला ते येईपर्यंत खोकी छापून झाली होती.